२५ की ३५? मुलाच्या तिरळेपणाच्या तपासणीचा कागद कसा वाचायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा पाच वर्षांचा आहे. दमला किंवा कुठेतरी एकटक बघत बसला की त्याचा डावा डोळा बाहेर जातो, आणि उन्हात तो एक डोळा मिटून घेतो. तुम्ही दोन ठिकाणी दाखवलंत. पहिल्या कागदावर तिरळेपणा लांब बघताना २५ आणि जवळ बघताना १५ प्रिझम डायॉप्टर आहे (हे माप काय ते पुढे सांगते). दोन महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी एक डोळा तासभर पट्टीने बंद ठेवून मोजलं, तेव्हा लांब ३५ आणि जवळ ३० आला. बाकी नोंदी अशा: दोन्ही डोळ्यांची दृष्टी ६/९, टीएनओ (खोलीची जाण तपासणारी चाचणी) ६० सेकंद, वर्थची चार दिव्यांची चाचणी जवळ ४ आणि लांब २, हालचाली पूर्ण. तिरळेपणा वाढला का, कोणाचं मोजमाप खरं आणि ऑपरेशन लगेच करायचं का, असं तुम्ही विचारलंय. अगदी शेवटच्या ओळीत असंही लिहिलंय की मधुमेह असलेल्या सासऱ्यांना चार दिवसांपासून एकाचे दोन दिसतात.

सासऱ्यांचं तुम्ही शेवटी लिहिलंत, पण मी तेच आधी घेते, कारण मुलाच्या बाबतीत दोन-चार आठवडे इकडेतिकडे झाले तरी चालतं, त्यांच्या बाबतीत नाही. त्यांना एक एक डोळा झाकून बघायला सांगा. कुठलाही एक डोळा झाकल्यावर दुसरी प्रतिमा नाहीशी होत असेल, तर दोन डोळ्यांची दिशा जुळत नाहीये, म्हणजे स्नायू किंवा नसेचा प्रश्न आहे. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील, तर बहुतेकदा मोतीबिंदू किंवा चष्म्याच्या नंबरचं कारण निघतं आणि घाई राहत नाही. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला अचानक शेजारी शेजारी दोन प्रतिमा दिसू लागल्या, लांब बघताना आणि एका बाजूला बघताना त्या जास्त फाकत असल्या, तर सहावी नस कमजोर झाल्याची शक्यता मोठी असते. ही नस डोळा कानाकडे वळवणाऱ्या स्नायूला चालवते. मधुमेहामुळे झालेली कमजोरी बहुतेकांमध्ये तीन ते सहा महिन्यांत भरून येते. पण हे निदान घरी करायचं नाही. एक-दोन दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर मात्र उद्याची वाट न बघता आजच मोठ्या रुग्णालयात न्या. एका डोळ्याची पापणी खाली पडली आहे, त्या डोळ्याची बाहुली दुसऱ्यापेक्षा मोठी दिसते, डोकं जोरात दुखतंय. हे तिसऱ्या नसेचं लक्षण असू शकतं आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा त्या नसेवर दाबत असू शकतो. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायात अशक्तपणा किंवा चालताना झोक जाणं हेही तितकंच तातडीचं. साठीच्या पुढच्या माणसाला कानशिलात दुखत असेल, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखत असेल, घास चावताना जबडा दमत असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. त्यात रक्तवाहिन्यांना आलेली सूज असू शकते आणि उपचाराला उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते.

तपासणीत त्यांना हलता टॉर्च डोळ्यांनी पकडायला लावतील आणि बहुधा हेस चार्ट काढतील. लाल-हिरवा चष्मा लावून पडद्यावरच्या ठिपक्यांवर दांडी टेकवायची असते. प्रत्येक डोळ्याचा एक असे दोन आलेख तयार होतात. ज्या डोळ्याचा आलेख आकसलेला, तो डोळा कमजोर, आणि आलेख ज्या दिशेला आत दबलेला, त्या दिशेचा स्नायू काम करत नाही. दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा काढला की सुधारणा कागदावर दिसते, म्हणून पहिला चार्ट जपून ठेवा. त्रास संध्याकाळी वाढत असेल आणि सकाळी बराच कमी असेल तर तेही सांगा. मायस्थेनिया नावाच्या आजारात असं होतं आणि त्यासाठी डॉक्टर मिनिट-दोन मिनिटं वर बघायला लावून पापणी उतरते का ते पाहतात. तोपर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. चष्म्याच्या एका काचेवर आतून चिकटपट्टी लावली तरी दोन दिसणं थांबतं.

आता मुलाकडे वळू.

दोन्ही आकडे खरे आहेत. मुलाचा तिरळेपणा दोन महिन्यांत वाढला असं या कागदांवरून म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच मजकुरात आहे: दुसऱ्या ठिकाणी तासभर पट्टी लावली होती. पट्टी त्या मोजमापाचं उत्तर कसं बदलते ते पुढे सांगते. पण त्याआधी मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. पालक तिरळेपणाच्या आकड्यावर फार अडकतात, आणि हा आकडा सगळ्या तपासणीतला सर्वांत कमी महत्त्वाचा नसला तरी पहिला नक्कीच नाही. पहिला प्रश्न, प्रत्येक डोळ्याला स्वतंत्रपणे किती दिसतं? दुसरा, दोन्ही डोळे मिळून काम करतात का, आणि दिवसातला किती वेळ? किती अंशांनी डोळा सरकतो हे त्यानंतर येतं. आकडा मोठा पण ताबा, म्हणजे दोन्ही डोळे जुळवून धरण्याची क्षमता, उत्तम असलेली मुलं मी वर्षानुवर्षं नुसती देखरेखीखाली ठेवलेली पाहते, आणि आकडा लहान पण एक डोळा आळशी झालेल्या, म्हणजे मेंदूने न वापरल्यामुळे त्याची नजर कमी राहिलेल्या, मुलांसाठी आम्ही धावपळ करतो.

म्हणून ६/९ पासून सुरुवात करू. दृष्टी मोजायचा अक्षरांचा तक्ता नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये तयार केला. सहा मीटरवरून ६/६ च्या ओळीतलं अक्षर डोळ्यापाशी पाच कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतं, म्हणजे त्याची उंची जेमतेम ८.७ मिलिमीटर असते. ६/९ म्हणजे चांगल्या डोळ्याला जे नऊ मीटरवरून वाचता येतं ते तुमच्या मुलाला सहा मीटरवरून वाचता आलं. पाच वर्षांच्या मुलाला हे पुरेसं चांगलं आहे. या वयात लक्षही पूर्ण टिकत नाही. आम्ही पाहतो ते दोन डोळ्यांमधलं अंतर. एक डोळा ६/९ आणि दुसरा ६/१८ असता तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. दोन ओळींचा फरक आला की आळशी डोळ्याचा संशय घ्यायचा, आणि आळशी डोळ्यावरचा पट्टीचा उपचार जितका लवकर, म्हणजे सात-आठ वर्षांच्या आत, तितका फळतो.

हा आकडा कसा घेतला हेही विचारा. मुलानं डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला होता का? लहान मुलं बोटांच्या फटीतून बघतात, आणि ती लबाडी नसते, दिसत नाही म्हणून डोळा आपोआप वाट शोधतो. चिकटणारी पट्टी लावूनच वाचायला लावलं पाहिजे. दुसरा डोळा तपासताना तीच ओळ पाठ झालेली असते, म्हणून आम्ही ती उलट्या क्रमाने विचारतो किंवा तक्ता बदलतो. अक्षरं येत नसतील तर इंग्रजी ई चारही दिशांना फिरवलेला तक्ता असतो, मुलानं बोटांनी दिशा दाखवायची, किंवा हातातल्या कार्डावर तेच चित्र दाखवायचं. एकेक अक्षर सुटं दाखवून घेतलेली दृष्टी खऱ्यापेक्षा चांगली येते, कारण आळशी डोळा गर्दीत गोंधळतो. शेजारी अक्षरं असलेली पूर्ण ओळ वाचली का, हे महत्त्वाचं. आणखी एक गोष्ट तुमच्या कागदावर नाही, ती पुढच्या वेळी आवर्जून मागा: दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचायला लावणं. काही मुलं डोळा सरळ धरायला जवळचं बघायची ताकद वापरतात. डोळा सरळ राहतो, पण लांबचं अस्पष्ट होतं. एका डोळ्याने ६/९ वाचणारं मूल दोन डोळ्यांनी ६/१२ वर अडतं. असं आलं तर ताबा टिकवायला त्याला किती कष्ट पडतात ते कळतं.

घरात कोणी त्याला सारखं “डोळा सरळ कर” म्हणत असेल तर ते थांबवा, त्याचं एक कारण हेच आहे. तो प्रयत्न करून सरळ करेलही, पण त्यासाठी धूसर बघण्याची किंमत मोजेल. दुसरं कारण तुम्हाला माहीत आहेच. चकणा हा शब्द त्याने शाळेत ऐकला असेल. घरात तरी त्याच्या चेहऱ्याकडे तपासनिसासारखं बघणारी नजर नको.

दृष्टीनंतर थेंब घालून काढलेला नंबर. तुमच्या कागदावर नंबराची नोंद नाही, ती हवीच. मुलांच्या डोळ्यांत जवळचं स्पष्ट करण्याची ताकद इतकी असते की यंत्रासमोर बसल्यावर यंत्रही फसतं. म्हणून ती ताकद औषधाने काही काळ थांबवतात. लहान मुलांना, विशेषतः डोळा आत वळत असेल तर, ॲट्रोपिनचं मलम घरी तीन दिवस लावायला देतात. बाकी मुलांना होमॅट्रोपिन किंवा सायक्लोपेंटोलेटचे थेंब दवाखान्यातच घालतात. ॲट्रोपिनचा परिणाम आठवडा-दोन आठवडे राहतो, सायक्लोपेंटोलेटचा साधारण एक दिवस. मलम लावल्यावर गाल लाल झाले, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, तर पुढचं लावू नका आणि डॉक्टरांना फोन करा. ट्यूब मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. लावल्यावर हात धुवा.

आत वळणाऱ्या डोळ्याच्या निम्म्या गोष्टी इथेच सुटतात. प्लसचा मोठा नंबर असलेलं मूल स्पष्ट बघण्यासाठी ताण देतं, ताणाबरोबर डोळे आत वळतात, आणि पूर्ण नंबरचा चष्मा लावला की ऑपरेशनशिवाय सरळ होतात. तुमच्या मुलाचा डोळा बाहेर जातो, त्याला हे लागू नाही. पण मायनस नंबर असेल तर तो चष्मा लावल्यावर ताबा बराच सुधारू शकतो. आणि क्रमाकडे लक्ष द्या: तिरळेपणा मोजायचा तो थेंब घालण्याआधी. ताकद गोठवलेल्या डोळ्यावर काढलेला कोन आधीच्या कोनाशी ताडून बघता येत नाही.

थेंब घातल्यावर डोळ्याचा मागचा पडदाही बघायचा असतो. तिरळेपणा असलेल्या प्रत्येक मुलाचा तो एकदा तरी पाहिलाच पाहिजे. क्वचित मोतीबिंदू, क्वचित पडद्यावरची गाठ या गोष्टी आधी नुसत्या तिरळेपणाने दिसतात. फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरी चमक येत असेल तर हे सगळं उत्तर बाजूला ठेवून लगेच दाखवा.

आता ज्यातून तुमचे आकडे आले ती तपासणी. तिला कव्हर टेस्ट म्हणतात. लागतं काय, तर डोळा झाकायला एक काळा चमचा आणि वाढत्या ताकदीच्या काचांची एक पट्टी. इतक्या साध्या सामानावर तिरळेपणाचं जवळपास सगळं निदान उभं असतं. म्हणूनच ती करणाऱ्याचं लक्ष आणि मुलाचा मूड यांवर तिचं यश ठरतं.

मुलाला आधी ३३ सेंटिमीटरवर, मग सहा मीटरवर एखाद्या बारीक चित्राकडे बघायला लावतात. नुसता टॉर्च दाखवून भागत नाही. प्रकाशाकडे बघताना नजर स्पष्ट करावी लागत नाही, त्यामुळे डोळ्यांची रोजची स्थिती दिसत नाही. “मांजराच्या मिशा किती?” असं विचारत राहायचं, म्हणजे बघणं खरं होतं. मग उजवा डोळा झाकायचा आणि नजर ठेवायची ती डाव्यावर. पालकांचं लक्ष नेहमी झाकलेल्या डोळ्याकडे जातं, पण उत्तर उघड्या डोळ्यात असतं. उजवा झाकताक्षणी डावा बाहेरून आत सरकून चित्रावर आला, तर तो आधी बाहेर होता. हललाच नाही, तर तो आधीपासून चित्रावरच होता. नंतर उजवा उघडायचा, थांबायचं, डावा झाकायचा, उजवा बघायचा. तुमच्या मुलासारख्या अधूनमधूनच्या तिरळेपणात या पहिल्या फेरीत काहीच हालचाल न दिसणं शक्य आहे, कारण त्या घडीला मेंदूने दोन्ही डोळे जुळवून धरलेले असतात.

त्यानंतर चमचा या डोळ्यावरून त्या डोळ्यावर फिरवतात, मधे दोन्ही डोळ्यांना एकत्र बघायची संधीच देत नाहीत. जोडी तुटते आणि लपलेला तिरळेपणा बाहेर येतो. आता एका डोळ्यासमोर प्रिझमची काच धरायची, जाड बाजू नाकाकडे, आणि ताकद वाढवत न्यायची. ज्या काचेला डोळ्याची हालचाल थांबते ती तिरळेपणाची संख्या. एक प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर किरण एक सेंटिमीटर सरकवणारी काच. तुमचे २५ म्हणजे सुमारे १४ अंश, ३५ म्हणजे साधारण १९ अंश. अनुभवी माणसांच्या मोजणीतही काही डायॉप्टरचा फरक पडतो, आणि मोठ्या कोनात तो जास्त. एकाच डोळ्यासमोर दोन प्रिझम एकावर एक धरले तर त्यांची साधी बेरीज होत नाही. मूल थकलेलं, तापातून उठलेलं किंवा रडून आलेलं असेल तर कोन वेगळा येतो.

पण २५ आणि ३५ यांतला फरक त्याहून मोठा आहे, जवळचा तर १५ वरून ३० वर गेला. हे पट्टीचं काम. काही मुलांची जवळचं बघतानाची जुळवाजुळव इतकी घट्ट असते की मिनिटभर चमचा फिरवून ती सुटत नाही. तासभर एक डोळा बंद ठेवला की सुटते. पट्टी काढतानाही दुसरा डोळा आधी झाकायचा, क्षणभरही दोन्ही एकत्र उघडे पडू द्यायचे नाहीत, नाहीतर सगळा तास वाया. मग मोजलेला कोन त्याचा पूर्ण कोन. म्हणजे पहिल्या ठिकाणी मुलानं दडवलेलं वजा करून मोजलं गेलं, दुसऱ्या ठिकाणी दडवलेलंही बाहेर आलं. काही जण खिडकीतून दूरच्या झाडाकडे किंवा टाकीकडे बघायला लावून मोजतात, त्यातही आकडा वाढतो.

हा तास फुकट जात नाही. ऑपरेशनची वेळ आलीच तर सर्जन बहुधा हा मोठा कोन धरून आखणी करतात. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू मागे नेण्याच्या रूढ कोष्टकांत २५ ला प्रत्येक बाजूला सुमारे ६ मिलिमीटर आणि ३५ ला ७.५ मिलिमीटर असं माप असतं. दीड मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण डोळा सरळ राहणं की परत बाहेर जाणं हे त्यात ठरू शकतं. पट्टीनंतर जवळचा कोन लांबच्याजवळ आला, ही बाबही चांगली आहे. तो आला नसता तर आणखी एक चाचणी, जवळ बघताना समोर +३ ची काच धरून मोजणं, करावी लागली असती, कारण त्या गटातल्या काही मुलांचा डोळा ऑपरेशननंतर जवळ बघताना आत वळण्याचा धोका असतो.

कोनाचं इतकं पुरे. आता तुमच्या कागदावरच्या, माझ्या मते जास्त बोलक्या दोन नोंदी.

टीएनओ ६० सेकंद म्हणजे खोलीची जाण, आणि इथे सेकंद हे कोनाचं माप आहे, वेळेचं नाही. लाल-हिरवा चष्मा घालून ठिपक्यांच्या पानांत दडलेले आकार ओळखायचे असतात, आणि एका डोळ्याने ते दिसूच शकत नाहीत. मोठ्या माशीचं चित्र असलेल्या चाचणीत हुशार मूल एका डोळ्यानेही अंदाज बांधू शकतं, इथे नाही. आकडा जितका लहान तितकी जाण सूक्ष्म. पाच वर्षांच्या मुलाला ६० सेकंद उत्तम. याचा अर्थ दोन डोळ्यांची जोडी जन्मापासून नीट घडली आहे आणि जवळ बघताना आजही नीट चालते.

वर्थच्या चाचणीत एक लाल, दोन हिरवे आणि एक पांढरा असे चार दिवे असतात. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. लाल काचेतून दोन दिवे दिसतात, हिरवीतून तीन. दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर चार. पाच दिसले तर दोन प्रतिमा. तुमच्या मुलाला जवळ चार दिसले आणि लांब दोन, म्हणजे लांब बघताना डावा डोळा मेंदूने बाजूला सारला. डोळा बाहेर जातो तोही डावाच, नोंद जुळते. म्हणूनच तो एकाचे दोन दिसतात अशी तक्रार करत नाही. त्याच्या आजोबांचा मेंदू या वयात हे शिकू शकत नाही, त्यामुळे त्यांना दोन दिसतात. फक्त लक्षात घ्या, जवळ धरलेले चार दिवे डोळ्याच्या मागच्या पडद्याचा बराच मोठा भाग व्यापतात आणि सहा मीटरवरचे अगदी मधला लहान भाग. त्यामुळे लांबची चाचणी मुळातच कठीण. दर भेटीत ती पुन्हा करायची आणि दिशा कुठली ते बघायचं.

“हालचाली पूर्ण” ही दोन शब्दांची नोंद मला नेहमी थोडी अस्वस्थ करते. प्रत्येक डोळ्याला सहा स्नायू, त्यांना चालवणाऱ्या तीन नसा. डोकं स्थिर धरून खेळणं नऊ दिशांना न्यायचं: समोर, दोन बाजू, वर, खाली, चार कोपरे. आधी दोन्ही डोळे एकत्र, कुठे मागे पडला तर तो एकटा. तुमच्या मुलाच्या बाबतीत मला दोन गोष्टी लिहिलेल्या हव्या होत्या. वर बघताना आणि खाली बघताना कोन बदलतो का? वर जास्त आणि खाली कमी असेल तर तिरके स्नायूही ऑपरेशनच्या आखणीत येतात. आणि उजवीकडे-डावीकडे बघताना कोन बराच कमी होतो का? होत असेल तर सर्जन थोडं कमी ऑपरेशन करतात. मान नेहमी एका बाजूला कलते का, तेही तुम्हीच सांगू शकता. मोबाइलमधले जुने फोटो बघा. मान कलणाऱ्या मुलांना आधी हाडांच्या डॉक्टरकडे नेतात, पण कधी कधी कारण डोळ्याच्या वरच्या तिरक्या स्नायूत असतं. एक डोळा झाकल्यावर मान सरळ झाली, तर खात्रीने आमच्याकडे या.

मग ऑपरेशन? तुम्ही लिहिलेल्या नोंदींवरून मला घाई दिसत नाही. अंतिम निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या सर्जनचा, पण तो ज्यावर ठरायला हवा ती माहिती कागदावर अजून नाही: ताबा. त्याची मोजणी ० ते ५ अशी करतात. अर्धा मिनिट नुसतं बघायचं. सतत डोळा बाहेर राहिला तर ५, निम्म्याहून जास्त वेळ तर ४, निम्म्याहून कमी तर ३. आपणहून गेलाच नाही, तर दहा सेकंद झाकून उघडायचा. परत जुळायला पाच सेकंदांहून जास्त लागले तर २, एक ते पाच सेकंद लागले तर १, लगेच जुळला तर ०. लांबसाठी वेगळी मोजणी, जवळसाठी वेगळी, आणि एका भेटीत दोन-तीनदा, कारण सकाळी ताजं असलेलं मूल दहाच मिनिटांत दमलेलं असू शकतं. मुलाच्या वर्गशिक्षिकेला आणि आजीला विचारा, दिवसातून किती वेळा दिसतं. घरचं हे निरीक्षण दवाखान्यातल्या मोजणीइतकंच मोलाचं आहे.

ताबा उतरत गेला, जागेपणीच्या निम्म्याहून जास्त वेळ डोळा बाहेर राहू लागला किंवा टीएनओ ६० वरून २४० वर गेला, तर ऑपरेशन लांबवू नये. नाहीतर नंबर असेल तर चष्मा, काहींना दिवसाचा थोडा वेळ पट्टी, आणि चार-सहा महिन्यांनी तीच तपासणी. या प्रकारात नीट केलेल्या ऑपरेशननंतरही काही मुलांचा डोळा वर्षांनंतर परत बाहेर जाऊ लागतो, हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. मुलाला चिडवलं जातंय म्हणून ऑपरेशनचा विचार करणंही चुकीचं नाही. ते सर्जनना मोकळेपणाने सांगा. पाच वर्षांचं मूल आरशात बघतं आणि त्याला कळतं.

पुढची भेट शक्यतो सकाळी घ्या, मुलाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असू द्या. दोन्ही कागद, जुना चष्मा असला तर तो, आणि डोळा बाहेर गेलेला असतानाचा दहा-पंधरा सेकंदांचा व्हिडिओ न्या. शक्य असेल तर दर वेळी एकाच ठिकाणी मोजून घ्या, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतील. खर्चाचा किंवा अंतराचा प्रश्न असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी मिळते. तिथून तिरळेपणाच्या तज्ज्ञाकडे पाठवतात. तपासणाऱ्यांना सरळ विचारा: थेंब घालून नंबर किती, ताबा किती, पट्टीशिवाय आणि पट्टीनंतर कोन किती, बाजूला बघताना किती. ही चार उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मला कळवा, मग ऑपरेशनबद्दल नेमकं बोलू. पण सासऱ्यांना आज-उद्यात नेऊन आणा आणि तिथे काय म्हणाले ते आधी लिहा.